एकाचा गुडघा, संघाची कसोटी

संघ हा शब्द जैन कुटुंबात वाढलेल्या माणसाला नवा नाही. साधू, साध्वी, श्रावक आणि श्राविका मिळून चतुर्विध संघ होतो. त्यांपैकी कोणी एकटा म्हणजे संघ नव्हे, हे बालपणापासून कानांवर पडलेले असते. क्रीडांगणावर मात्र हाच शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर बहुधा एकच चेहरा उभा राहतो. संघाची ओळख त्या खेळाडूच्या नावाने होते, तिकिटे त्याच्या नावावर खपतात आणि विजयाची आशाही त्याच्याच खांद्यावर ठेवली जाते. अशा खेळाडूला ऐन मोक्याच्या वेळी दुखापत झाली, तर मागे जे उरते त्याला संघ म्हणावे, की केवळ एका गणवेशातली दहा-बारा माणसे?

हा प्रश्न बास्केटबॉलमध्ये विशेष तीव्रतेने उभा राहतो. क्रिकेटमध्ये अकरा जण असतात. एक फलंदाज नसला तर डाव थोडा लंगडतो, एवढेच. बास्केटबॉलमध्ये एका वेळी पाचच खेळाडू मैदानावर असतात. अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक स्पर्धेत, म्हणजे ‘एनबीए’मध्ये, सामना 48 मिनिटांचा असतो आणि प्रमुख खेळाडू त्यांतली बहुतांश मिनिटे खेळतो. चेंडू हाती आल्यापासून 24 सेकंदांत बास्केटच्या दिशेने फेक करावीच लागते. आखलेली चाल प्रतिस्पर्ध्याने हाणून पाडली आणि घड्याळात चार-पाच सेकंदच उरले, तर चेंडू कोणाच्या हाती द्यायचा? उत्तर ठरलेले असते. ज्याच्या हाती तो द्यायचा, तोच त्या संघाचा तारा.

ऑक्टोबर ते एप्रिल या काळात प्रत्येक संघ 82 सामने खेळतो. त्यानंतर 16 संघांची बाद फेरी, म्हणजे ‘प्लेऑफ’, सुरू होते. तिथे एकाच प्रतिस्पर्ध्याशी सात सामन्यांपर्यंत झुंजावे लागते आणि चार विजय मिळवणारा पुढे जातो. साखळीतला प्रतिस्पर्धी आज भेटतो आणि उद्या निघून जातो. बाद फेरीतला मात्र पंधरा दिवस समोर ठाण मांडून बसतो, प्रत्येक चाल अभ्यासतो, प्रत्येक उणीव हेरतो. म्हणूनच नोव्हेंबरात झालेली दुखापत आणि मार्च-एप्रिलमध्ये झालेली दुखापत यांचे मोल सारखे नसते. पहिलीची भरपाई करण्यास अवधी मिळतो, दुसरीची भरपाई हाताशी असलेल्या पुंजीतूनच करावी लागते.

2017-18 च्या हंगामात बोस्टन सेल्टिक्स या संघाच्या वाट्याला या दोन्ही प्रकारच्या दुखापती आल्या. त्या उन्हाळ्यात संघाने दोन नामवंत खेळाडू आणले होते. गॉर्डन हेवर्ड याच्याशी चार वर्षांसाठी 12.8 कोटी डॉलरचा करार झाला होता आणि कायरी अर्विंग याला क्लीव्हलंड कॅव्हेलियर्सकडून अदलाबदलीत घेतले होते. 17 ऑक्टोबर 2017 रोजी हंगामाचा पहिलाच सामना क्लीव्हलंडमध्ये होता. जेमतेम पाच मिनिटे झाली असतील. उडी मारून खाली येताना हेवर्डचा डावा पाय असा काही वळला की घोटा निखळला आणि नडगीचे हाड मोडले. बाकावरचे सहकारी तोंड फिरवून बसले. हेवर्डचा हंगाम तिथेच संपला.

बोस्टन तो सामना हरले, पुढचाही हरले आणि त्यानंतर सलग 16 सामने जिंकले. याचे श्रेय मुख्यतः अर्विंगला दिले गेले आणि ते अनाठायी नव्हते. त्याने 60 सामन्यांत सरासरी 24.4 गुण मिळवले. चेंडू जणू त्याच्या बोटांना दोऱ्याने बांधलेला असे. तथापि त्याच्या डाव्या गुडघ्यात एक जुने दुखणे दडलेले होते. 2015 च्या अंतिम मालिकेत, क्लीव्हलंडकडून खेळताना, त्या गुडघ्याची वाटी मोडली होती आणि ती सांधण्यासाठी धातूची तार व स्क्रू बसवले होते. मार्च 2018 मध्ये गुडघा पुन्हा दुखू लागला. 24 मार्चला तार काढली. त्यानेही भागले नाही, तेव्हा 7 एप्रिलला स्क्रू काढण्याची शस्त्रक्रिया झाली. बरे होण्यास चार-पाच महिने लागतील, असे सांगण्यात आले. बाद फेरी आठ दिवसांवर येऊन ठेपली होती.

जमाखर्चाच्या भाषेत बोलायचे, तर ज्या दोन मालमत्तांच्या भरवशावर वर्षाचे अंदाजपत्रक मांडले होते, त्या दोन्ही ताळेबंदातून नाहीशा झाल्या. संघाची गणती आता दुबळ्यांमध्ये होऊ लागली. 55 विजय मिळवून पूर्व विभागात दुसऱ्या क्रमांकावर असलेला संघ पहिल्याच फेरीत बाद होईल, असे भाकीत करणारे पुष्कळ होते.

येथून पुढचा भाग बारकाईने पाहण्याजोगा आहे. एका खेळाडूचे 24 गुण वजा झाले म्हणजे गुणफलकावर केवळ 24 ची तूट पडत नाही. त्याला अडवण्यासाठी प्रतिस्पर्ध्याचे दोन-दोन रक्षक धावत, म्हणून इतरांना मोकळी जागा मिळे. ती जागा आता उरत नाही. दुसरीकडे, तो ज्या पंधरा-वीस फेकी करी, त्या आता कोणीतरी दुसऱ्याने करायच्या असतात. कालपर्यंत जो चेंडू पुढे देऊन मोकळा होई, त्याला आज निर्णय घ्यावा लागतो. अनुपस्थिती अशी दोन्ही बाजूंनी काम करते. ती संघाकडून काही हिरावून घेते आणि त्याच वेळी इतरांच्या हाती काही ठेवते. जे हाती आले ते पेलते की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

बोस्टनमध्ये ते ज्यांच्या हाती आले, ती बहुतेक कोवळी मुले होती. जेसन टेटम नुकताच वीस वर्षांचा झाला होता आणि हे त्याचे पहिलेच वर्ष होते. जेलन ब्राउन एकवीस वर्षांचा होता. अर्विंगच्या जागी आलेला टेरी रोझियर एरवी राखीव खेळाडू म्हणून बाकावरून येणारा. अल हॉरफर्ड हा एकच अनुभवी मोहरा सोबतीला होता आणि मागे प्रशिक्षक ब्रॅड स्टीव्हन्स. टेटमची साखळी सामन्यांतील सरासरी 13.9 गुणांची होती, ती बाद फेरीत 18.5 वर गेली. रोझियरची 11.3 वरून 16.5 वर गेली आणि ब्राउनची 14.5 वरून 18 वर. हरपलेले 24 गुण कोणा एकाने भरून काढले नाहीत. प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे वाटा उचलला. गावातील मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी एखादा मोठा दाता मिळत नाही, तेव्हा शंभर घरांतून वर्गणी गोळा होते, तसेच हे झाले.

मिल्वॉकीविरुद्धची पहिली मालिका सातव्या सामन्यापर्यंत ताणली गेली, पण बोस्टनने ती जिंकली. फिलाडेल्फियाला त्यांनी पाच सामन्यांतच गुंडाळले. विभागीय अंतिम मालिकेत समोर लेब्रॉन जेम्सचा क्लीव्हलंड संघ होता. बोस्टनने पहिले दोन सामने जिंकले, पुढे तीन-दोन अशी आघाडीही घेतली आणि अखेर सातवा सामना 27 मे 2018 रोजी बोस्टनच्याच मैदानावर झाला. त्या बाद फेरीत तोवर घरच्या मैदानावरचे दहाही सामने त्यांनी जिंकले होते.

तो अकरावा सामना ते 79 विरुद्ध 87 असा हरले. लेब्रॉन 48 च्या 48 मिनिटे खेळला आणि त्याने 35 गुण मिळवले. बोस्टनने दुरून, तीन गुणांसाठी, 39 फेकी केल्या. त्यांतल्या अवघ्या सात यशस्वी झाल्या. रोझियरच्या अशा दहा फेकींपैकी एकही बास्केटमध्ये गेली नाही. चाल अडली असता ज्याच्या हाती निश्चिंतपणे चेंडू द्यावा, असा माणूस त्या रात्री नव्हता. तेव्हा ‘कोणावाचून काही अडत नाही’ हे सुभाषित येथे लागू करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अडते. गुणवंत माणसाची उणीव खरी असते आणि कधी ना कधी ती समोर येऊन उभी राहते. प्रश्न इतकाच, की ती पहिल्या दिवशी समोर येते की एकोणिसाव्या सामन्यात. बोस्टनच्या मुलांनी तो दिवस सहा आठवडे लांबवला.

जैन दर्शनात कार्यकारणाचा विचार करताना निमित्त आणि उपादान असा भेद केला जातो. घट घडतो तो मातीपासून; माती हे उपादान. कुंभार आणि चाक ही निमित्ते. निमित्त कितीही अनुकूल असले, तरी वाळूचा घट होत नाही. अर्विंगची दुखापत हे निमित्त होते. टेटम आणि ब्राउन यांच्यातील योग्यता हे उपादान होते आणि ती एप्रिलमध्ये आकाशातून पडली नव्हती. हेवर्डच्या दुखापतीमुळे ही मुले ऑक्टोबरपासूनच मोठमोठ्या सामन्यांत खेळत आली होती. पहिल्या आघाताने दुसऱ्या आघाताची तयारी करून घेतली होती.

तरीही यावरून सरसकट नियम बांधू नये. 2012 साली शिकागो बुल्सचा डेरिक रोझ आदल्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू होता. त्या लहान केलेल्या हंगामात तो दुखण्यांमुळे 66 पैकी 39 सामनेच खेळू शकला, तरी शिकागोने एकूण 50 सामने जिंकून पहिला क्रमांक पटकावला. म्हणजे त्याच्याविना जिंकण्याची सवय त्या संघालाही होती. 28 एप्रिलला बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात, विजय जवळपास हाती असताना आणि मिनिटभराहून थोडा अधिक अवधी उरला असताना, रोझच्या डाव्या गुडघ्यातील अस्थिबंध तुटला. पुढे जोआकिम नोआ हा दुसरा आधारस्तंभही घोटा मुरगळून बसला आणि अग्रमानांकित शिकागो आठव्या मानांकित फिलाडेल्फियाकडून चार-दोन असे हरले. तयारी असूनही कधी कधी घाव इतका वर्मी बसतो की सावरायला उसंत मिळत नाही. अनेकान्ताची शिकवण मिळालेल्या समाजाने दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवून पाहावीत.

बोस्टनच्या कथेचा उत्तरार्ध अधिक बोलका आहे. 2018 च्या शरद ऋतूत अर्विंग आणि हेवर्ड दोघेही बरे होऊन परतले. त्यांच्याविना जो संघ अंतिम मालिकेपासून एका विजयाच्या अंतरावर पोहोचला, तो त्यांच्यासह सहज पुढे जाईल, हे गणित कोणालाही पटण्यासारखे होते. घडले उलटे. 55 विजयांचे 49 झाले, दुसरा क्रमांक चौथ्यावर घसरला आणि बाद फेरीच्या दुसऱ्या टप्प्यात मिल्वॉकीने त्यांना पाच सामन्यांत परत पाठवले. ज्या मुलांनी सहा आठवडे घर चालवले होते, त्यांना पुन्हा ‘चेंडू पुढे द्या’ असे सांगितले गेले होते. रोझियर बाकावर परतला. अर्विंगने तरुण सहकाऱ्यांच्या अननुभवाविषयी जाहीरपणे नाराजी व्यक्त केली. पण पुढे त्यानेच एक सुंदर गोष्टही सांगितली. आपण लेब्रॉनला दूरध्वनी करून क्षमा मागितली, कारण तरुणपणी आपणही वडीलधाऱ्या सहकाऱ्याशी असेच वागलो होतो, हे आता उमगले. क्षमापना पर्युषणातच करावी असे नाही. ती जानेवारीत, पराभवानंतर, दूरध्वनीवरूनही होते. त्या उन्हाळ्यात मात्र अर्विंग, रोझियर आणि हॉरफर्ड तिघेही संघ सोडून गेले.

याचा अर्थ असा, की जाणाऱ्याची जागा भरणे जितके अवघड, तितकेच परतणाऱ्याला जागा करून देणे अवघड. अनुपस्थितीत जे वाढले, त्याला उपस्थितीतही वाढू देणे, ही ज्येष्ठाची कसोटी. आणि वाढलेल्याने परतणाऱ्याचा मान राखणे, ही कनिष्ठाची.

येथे गणधर गौतमस्वामींचे स्मरण होते. लौकिक खेळाडूंशी त्या अलौकिक प्रसंगाची तुलना करण्याचा हेतू नाही. केवळ निमित्ताचा विचार पुढे नेण्यासाठी ते स्मरण. भगवान महावीरांवरील अपार अनुरागामुळे गौतमस्वामींचे केवलज्ञान अडून राहिले होते, असे परंपरा सांगते. प्रभूंचे निर्वाण झाले, तो आधार दृष्टीआड झाला, शोक झाला, शोकातून चिंतन झाले आणि त्याच दिवशी गौतमस्वामींना केवलज्ञान झाले. पुढे संघाची धुरा सुधर्मास्वामींनी वाहिली आणि संघ चालत राहिला. ज्याच्या सावलीत वाढ होते, त्याची सावली कधी कधी वाढ रोखूनही धरते, हे सत्य अडीच हजार वर्षे दर दीपावलीला सांगितले जात आहे.

या साऱ्यात एक प्रश्न मागे पडतो. जखमी झालेल्या माणसाचे काय? संघाचे पुढे काय होणार, याची चर्चा सारे करतात. गुडघा मात्र त्याचा एकट्याचा असतो.

2019 साली गोल्डन स्टेट वॉरियर्सचा केव्हिन ड्युरंट बाद फेरीत पोटरीच्या दुखापतीने बाहेर बसला. त्याच्याविना संघाने पुढचे सलग पाच सामने जिंकले आणि अंतिम मालिका गाठली. टोरंटोविरुद्ध मात्र इतरही खेळाडू दुखापतींनी घेरले गेले आणि संघ एक-तीन असा मागे पडला. आणखी एक पराभव म्हणजे हंगाम समाप्त. अशा वेळी, 10 जून रोजी, ड्युरंट परतला. 12 मिनिटांत त्याने 11 गुण मिळवले आणि मग त्याच उजव्या पायाची टाचेवरची कंडरा तुटली. टोरंटोच्या प्रेक्षकांतून क्षणभर आनंदाचे चीत्कार उमटले. तेव्हा टोरंटोच्याच खेळाडूंनी हात उंचावून त्यांना गप्प केले. प्रतिस्पर्ध्याच्या वेदनेवर आपला आनंद उभा राहू नये, हे सांगण्यासाठी त्यांना कोणत्याही ग्रंथाची आवश्यकता भासली नाही. गोल्डन स्टेटने तो सामना एका गुणाने जिंकला. पण त्यांचे व्यवस्थापक बॉब मायर्स भरल्या डोळ्यांनी पत्रकारांसमोर आले आणि दोष द्यायचाच असेल तर मला द्या, असे म्हणाले. तीन दिवसांनी क्ले थॉम्प्सनच्या गुडघ्यातील अस्थिबंध तुटला आणि मालिका टोरंटोने जिंकली. ड्युरंट पुढचा संपूर्ण हंगाम खेळू शकला नाही.

त्या निर्णयात कोणाचा दोष होता, याचा निवाडा दुरून करणे योग्य नव्हे. खेळाडूची स्वतःची इच्छाही प्रबळ असतेच. तरीही एक गोष्ट लक्षात येते. गरज जितकी मोठी, तितका ‘आता तो बरा आहे’ असा समज करून घेण्याचा मोह मोठा. बोस्टनने अर्विंगला शस्त्रक्रियेसाठी जाऊ दिले, तेव्हा त्यांच्याकडे टेटम आणि रोझियर होते. पर्याय सिद्ध असला की रुग्णाला रुग्ण राहू देणे परवडते. राखीव खेळाडू घडवण्याचे खरे प्रयोजन यात आहे. त्याने सामने जिंकले जातात हा लाभ दुय्यम. जो सर्वोत्तम आहे, त्याच्या शरीरावर संघाला अत्याचार करावा लागत नाही, हा लाभ मुख्य. प्रमादाने होणारी इजा हीही हिंसा मानणाऱ्या परंपरेला हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. पर्याय घडवून न ठेवणे हा प्रमाद आहे आणि त्याची शिक्षा बहुधा सर्वांत कर्तबगार माणूस भोगतो.

बँकांमध्ये जोखमीच्या जागेवरील अधिकाऱ्याला वर्षातून काही दिवस सक्तीने रजेवर पाठवण्याची पद्धत आहे. हेतू असा, की काही गैरप्रकार असल्यास त्याच्या गैरहजेरीत उघडकीस यावा. पण त्याचा दुसराही उपयोग होतो. त्या टेबलावर बसलेल्या कनिष्ठाला आठ-दहा दिवसांत जे समजते, ते दोन वर्षे शेजारी बसूनही समजलेले नसते. आणि रजेवर गेलेला निर्धास्तपणे तीर्थयात्रा करून येतो.

घरांत आणि संस्थांत अशी सक्तीची रजा कोणी देत नाही. पेढीचे सारे व्यवहार एकाच भावाला ठाऊक असतात. विश्वस्त मंडळाच्या किल्ल्या आणि कागदपत्रे वर्षानुवर्षे एकाच सचिवांकडे असतात. घरात ताप अंगावर काढत स्वयंपाकघर चालवणारी एक गृहिणी असते आणि ‘तिच्यावाचून घराचे पान हलत नाही’ असे कौतुकाने म्हटले जाते. त्या कौतुकात तिला आजारी पडण्याची मुभा नाही, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

ज्या टेटमने 2018 मध्ये दुसऱ्याची जागा भरली, तो पुढे बोस्टनचा आधारस्तंभ झाला. 2024 मध्ये त्याने आणि ब्राउनने संघाला विजेतेपद मिळवून दिले. अंतिम मालिकेत समोर डॅलसकडून खेळणारा अर्विंग होता. त्यानंतर वर्षभरातच, 12 मे 2025 रोजी न्यूयॉर्कमध्ये, 42 गुण मिळवलेल्या सामन्याच्या शेवटच्या मिनिटांत टेटमच्या उजव्या टाचेची कंडरा तुटली. दोन दिवसांनी त्याच्याविना संघाने 25 गुणांनी विजय मिळवला आणि पुढच्याच सामन्यात 38 गुणांनी पराभूत होऊन स्पर्धेबाहेर गेला. बारा भावनांत अनित्य भावना पहिली का, याचे उत्तर त्या चार दिवसांत सापडते. आज जो भरवशाचा आहे तो कालचा राखीव होता आणि आजच्या राखीवाला उद्या उभे राहायचे आहे. त्याच्या हाती चेंडू देण्यासाठी कोणाचा तरी गुडघा मोडण्याची वाट पाहू नये.